पोपटाएवढा पतंग

मेणताईंनी पहिला दात घडवला तेव्हा त्या एकोणीस वर्षांच्या होत्या, आणि तो दात कुणाच्याच तोंडात बसला नाही. लॅबचे म्हातारे मालक तो खिडकीपाशी घेऊन गेले, उजेडात इकडून तिकडून फिरवून पाहिला आणि म्हणाले, "पोरी, दात सुरेख झालाय. फक्त माणसाचा नाही झाला." मग त्यांनी साबणाच्या वड्या आणायला सांगितल्या. पुढचे चार महिने मेणताई साबणावर दाढा आणि सुळे कोरत राहिल्या, आणि बिघडलेली प्रत्येक दाढ घरच्या न्हाणीत जाऊ लागली. "आमच्याकडे सगळे दाढांनी अंघोळ करतात," असं त्यांचा भाऊ गावभर सांगत सुटायचा.

साबणावरून मेणावर आल्या, हात बसला आणि नाव पडलं. खरं नाव हजेरीच्या वहीत राहिलं. लॅब रस्त्याला लागून होती, वरच्या मजल्यावर दातांचा दवाखाना. डॉक्टर वरून ठसे पाठवायचे आणि मेणताई खाली त्यांचे दात, कॅपा, कवळ्या करायच्या. दोन बाकं, एक छोटी भट्टी, प्लास्टरने कायमचं पांढरं झालेलं एक बेसिन आणि उत्तरेची खिडकी, एवढंच त्यांचं जग. त्यात त्यांना काही कमी वाटत नव्हतं. जिभेला दातावरचा केसाएवढा उंचवटासुद्धा खपत नाही, म्हणून त्या केसाच्याही आतलं माप धरून काम करायच्या. कुणी कौतुक केलं की चष्मा काढून पुसत बसायच्या आणि पुसून झाला की विषय बदलायच्या.

त्या एक्केचाळीस वर्षांच्या असताना अंधशाळेतले एक सर दाढेला कॅप बसवायला दवाखान्यात आले. कॅप जरा घासून हवी होती म्हणून खाली उतरले, तर बाकावर त्यांना नारळाएवढी दाढ दिसली. शिकाऊ मुलांना दाखवण्यासाठी मेणताईंनी ती प्लास्टरची केली होती. सरांनी डोळे मिटले आणि दाढ दोन्ही हातांनी चाचपली. बराच वेळ चाचपली.

"असं तुम्ही दुसरं काही करू शकाल का?" त्यांनी विचारलं. "पतंग, समजा?"

"दोऱ्याचा?"

"हाच घोळ आहे बघा! आमची मुलंही हेच विचारतात. दिव्यावर येतो तो पतंग. पाचवीच्या पुस्तकात एक धडा आहे, पोपट आणि पतंग, दोघांत सारखं काय आणि वेगळं काय. खाली प्रश्न आहे: चित्र पाहा आणि फरक लिहा." सर हसले. "पोपट माझ्या मुलांना माहीत आहे, तो बोलतो. पतंग बोलत नाही. जो बोलत नाही, तो आमच्या मुलांच्या लेखी जगात नसतोच."

मेणताईंनी चष्मा पुसला आणि कामाला होकार दिला.

पोपटाचं सोपं होतं. त्यांचे यजमान शिवणाची मशीन दुरुस्त करायचे, आणि त्यांच्या एका गिऱ्हाइकाकडे, पलीकडच्या गल्लीतल्या शिंप्याकडे, हिरवा, गळ्यात लाल कंठ असलेला पोपट होता. रविवारी दोघं कॅलिपर घेऊन तिथे गेली. यजमानांनी पोपट धरला, मेणताईंनी माप घेतलं, आणि पोपटाने यजमानांचं बोट घेतलं. पूर्ण वेळ तो एकच वाक्य बोलत होता, "उद्या या, उद्या या." शिंप्याच्या दुकानात राहून दुसरं काय शिकणार! चोचीपासून शेपटीच्या टोकापर्यंत एक्केचाळीस सेंटिमीटर भरला. झडलेली पिसं शिंप्याने बिस्किटाच्या डब्यात जपून ठेवली होती, तो डबाच त्याने देऊन टाकला. मेणताईंनी आतून पोकळ प्लास्टरचं अंग केलं, कवळीच्या ॲक्रिलिकची चोच केली, तारेचे पाय केले आणि पिसं एकेक करून चिकटवली. पोपट खऱ्याएवढाच झाला.

पतंग मात्र जिन्यातल्या ट्यूबलाईटच्या झाकणात मेलेला सापडला. तपकिरी, पंख पसरून या टोकापासून त्या टोकापर्यंत दोन सेंटिमीटर, म्हणजे अंगठ्याच्या नखाएवढा. मेणताईंनी तो भिंगाखाली धरला. मिशा पिसासारख्या दोन्ही बाजूंनी फुटलेल्या. तोंडाशी सोंडेची बारीक गुंडाळी. पंखावर कौलांसारखे एकावर एक खवले, आणि बोट लागलं की त्यांची धूळ.

"त्या मिशांचे केस बोटांना वेगळे लागले पाहिजेत," सर म्हणाले होते. मेणताईंनी हिशोब केला. वीसपट मोठा केला तरच केस वेगळे लागत होते. मग त्यांनी वीसपट केला. अडीच महिन्यांचे रविवार गेले. मिशा दात सरळ करायच्या तारेच्या, पंखांवर मखमलीची बारीक भुकटी, आणि सोंड तर अशी की ओढली की उलगडायची आणि सोडली की पुन्हा गुंडाळी. पंख पसरून चाळीस सेंटिमीटर. यजमान म्हणाले, "हा आता दिव्यावर नाही, दिवा घेऊनच जाईल."

पुढचा तपशील बारीक आहे, पण सगळं त्याच्यावरच अडलं. सरांनी ब्रेलमध्ये ठिपके उठवलेली एक पितळी पट्टी करून आणली होती: 'वीसपट मोठा'. ती पतंगाच्या लाकडी बैठकीवर समोर लावायची होती. मेणताईंनी ती ठेवून पाहिली. पट्टीची कड नखाला अडकत होती, आणि एवढ्या नितळ पॉलिश केलेल्या लाकडावर ती ठिगळासारखी दिसत होती. त्यांनी ती बैठकीच्या खालच्या बाजूला चार बारीक स्क्रू मारून पक्की केली. शाळेत मॉडेलं पोचवताना त्या सरांना म्हणाल्या, "पट्टी खालून लावलीय हं." सरांभोवती तेव्हा नऊ मुलं होती आणि नऊच्या नऊ एकदम बोलत होती. सर म्हणाले, "हां हां, चालेल."

मेणताई त्या दिवशी वर्गातच थांबल्या. टेबलावर डावीकडे पोपट, उजवीकडे पतंग. मुलं दोन-दोन करून आली. पाय मोजले, दोन आणि सहा. पंख मोजले, दोन आणि चार. चोच आणि सोंड. सोंडेपाशी प्रत्येकाने तीन-तीनदा ओढून पाहिलं. अकरा वर्षांची एक मुलगी हटेनाच. सर तिला प्रश्नपेटी म्हणायचे.

"हा चावतो का?"

"नाही. तोंडात दात नाहीत," मेणताई म्हणाल्या. दातांबाबत त्यांच्याकडून चूक होणं शक्य नव्हतं.

"खातो काय?"

"फुलातला रस पितो."

"बोलत का नाही?"

"गळाच नाही."

"मग घाबरला तर काय करतो?"

"उडून जातो."

केवढा असतो, हे तिने विचारलं नाही. जे दोन्ही हातांत धरलं आहे, ते केवढं आहे हे कोण विचारतं?

मॉडेलं कपाटात गेली. कपाटावर नियम लागला: हात लावा, उचलू नका.

त्यानंतरची पंधरा वर्षं बिनबोभाट गेली. म्हातारे मालक गेले, त्यांचा मुलगा आला. यजमानांची मशीनं कमी झाली, कारण लोक जुनं दुरुस्त करण्यापेक्षा नवंच घेऊ लागले. मेणताईंनी शाळेसाठी आणखी काही वस्तू केल्या. डास, मुंगी, कोळी, गव्हाची लोंबी. सर मुख्याध्यापक झाले. मेणताईंचे केस पिकले, हात मात्र थरथरले नाहीत.

एका दुपारी वरून डॉक्टरांचा निरोप आला. समोरचा दात अर्धा तुटलाय, नमुन्यातला कुठलाच रंग जुळत नाही, एकदा येऊन बघा. मेणताई रंगांची पट्टी घेऊन वर गेल्या. खुर्चीत सव्वीस-सत्तावीस वर्षांची मुलगी बसली होती, बाजूला पांढरी काठी टेकवलेली.

"जरा खिडकीकडे तोंड कर," मेणताई म्हणाल्या.

मुलीने तोंड फिरवलं ते खिडकीकडे नाही, त्यांच्याकडे. "मेणताई? तुम्ही आमच्या शाळेत पोपट आणला होतात."

आवाज मोठा झाला होता, पण प्रश्न विचारायची ढब तीच होती. "प्रश्नपेटी," मेणताई म्हणाल्या, आणि मुलगी तुटका दात झाकायला हात तोंडावर नेऊन हसली.

"दात कसा तुटला गं?" त्यांनी कामापुरतं विचारलं. कसा तुटला त्यावर कॅप कशी बसेल हे ठरतं.

"हसाल तुम्ही. मी एका कंपनीत टेलिफोनच्या बोर्डावर बसते. परवा शेजारची म्हणते, अगं हलू नकोस, तुझ्या खांद्यावर पतंग बसलाय. हलू नकोस म्हणे! एवढं मोठं धूड खांद्यावर आणि हलू नको! मी जी उडाले, ती तोंड थेट टेबलाच्या कडेवर."

डॉक्टर हसले. मेणताईंचा हात रंगांच्या पट्टीवर थांबला.

"एवढं म्हणजे केवढं?"

"तुम्हीच तर केला होतात की." मुलीने दोन्ही तळहात समोर धरले. मधलं अंतर चाळीस सेंटिमीटर होतं. मेणताईंना मोजायची गरज नव्हती, ते त्यांचंच माप होतं.

"मग खांद्यावर वजन नाही जाणवलं?"

"तेच तर! इतका मोठा आणि इतका अलगद बसतो, कळतच नाही. त्याचीच जास्त भीती वाटते. घरात आई रोज संध्याकाळी खिडक्या लावते, भर उन्हाळ्यातसुद्धा. मला काचेवर टकटक ऐकू येते. मला वाटतं, बाहेर हळूच चोच... नाही, सोंड मारतोय."

मेणताईंनी रंग ठरवला, कडेला जरा पिवळसर असं कागदावर लिहिलं आणि खाली निघून गेल्या.

दुसऱ्या दिवशी सकाळी त्या शाळेत गेल्या. मुख्याध्यापकांनी कपाट उघडलं. पोपटाचं डोकं कुरवाळून कुरवाळून टक्कल पडलं होतं. पतंगाच्या पंखांवरची मखमल कधीच गेली होती आणि सोंडेची तार दोनदा बदललेली दिसत होती. मेणताईंनी बैठक उचलून उलटी केली. खाली पितळी पट्टी होती. चार स्क्रू, आणि ठिपके असे टोकदार, जसे काल उठवलेत. बाकी सगळ्या वस्तूवर पंधरा वर्षांची बोटं फिरली होती. त्या पट्टीवर एकही फिरलं नव्हतं.

"मी सांगायचो ना वर्गात, वीसपट म्हणून," मुख्याध्यापक म्हणाले. मग थांबले. "पहिली दोन-तीन वर्षं तरी नक्की सांगत होतो."

पाचवीची सात मुलं बोलावली. मेणताईंनी विचारलं, "पोपट केवढा असतो, हाताने दाखवा बघू." चौदा हात पसरले, अंतर जवळपास बरोबर. "आणि पतंग?" हात होते तिथेच राहिले. एक मुलगा म्हणाला, "तेवढाच. पण पोपट लांब, पतंग रुंद." हा त्याने धड्यातला फरक सांगितला होता, आणि त्याला शाबासकी हवी होती.

मुख्याध्यापक स्टुलावर बसले.

"चूक माझी आहे, सर. पट्टी मी खाली लावली. लाकूड विद्रूप दिसत होतं."

"मी चालेल म्हणालो होतो."

"तुम्ही ऐकलंच नव्हतं."

"तेही खरंच," मुख्याध्यापक म्हणाले.

घरी यजमानांनी सगळं ऐकून घेतलं. "म्हणजे पतंगाने आपला पोपट केला म्हणायचा," ते म्हणाले. मेणताई हसल्या नाहीत हे पाहून त्यांनी सूर बदलला. "अगं, एवढं काय मनाला लावून घेतेस? पतंगच तर आहे."

"अहो, मशीनला चुकीच्या नंबरची सुई लावून दिलीत तर म्हणाल का, सुईच तर आहे?"

यजमान स्टूल घेऊन जिन्यात गेले आणि तिन्ही मजल्यांवरच्या दिव्यांची झाकणं उतरवून आले. एका कागदात पंधरा-वीस मेलेले पतंग होते.

त्या दिवसापासून मेणताईंनी जेवणाच्या सुट्टीत दुसरंच काम धरलं. धातूची कॅप ओततात तसाच पतंग ओतायचा. पतंगाच्या पोटाला मेणाची दांडी लावायची, पंखांना खालून मेणाचा पातळ हात द्यायचा, भोवती प्लास्टर ओतून भट्टीत घालायचं. आत पतंग जळून जातो, त्याच्या आकाराची पोकळी राहते, तिच्यात वितळलेला धातू सोडायचा. पहिल्या खेपेला धातू पंखांपर्यंत पोचलाच नाही, नुसती अळी बाहेर आली. दुसऱ्या खेपेला एक पंख आला. तिसऱ्याला राख अडकून अंगभर खड्डे. नवे मालक येऊन बघून गेले आणि जेवणाच्या सुट्टीत भट्टी त्यांच्यासाठी मोकळी ठेवू लागले. पाचव्या खेपेला पतंग उतरला. चार पंख, पोट, छातीशी आखडलेले पाय. मिशा पॉलिश करताना मोडल्या. त्या मेणताईंनी जाऊ दिल्या. नखाएवढा, गार, राखाडी पतंग त्यांनी कापसात गुंडाळून दाताच्या डबीत ठेवला.

दातही तयार झाला होता. तो बसवायच्या दिवशी त्या वर गेल्या आणि डॉक्टरांचं होईपर्यंत भिंतीशी उभ्या राहिल्या. मुलीने जीभ फिरवून पाहिली, दात दातावर टेकवून पाहिले.

"उंच नाही ना लागत?" मेणताईंनी विचारलं.

"नाही. आपलाच वाटतो."

"मग आता माझं एक ऐक. तो पतंग मी वीसपट मोठा केला होता. खरा पतंग नखाएवढा असतो."

डॉक्टर हात धुवायला गेले होते. मुलीचा चेहरा आधी हसायच्या बेतात होता, मग तसाच राहिला.

"नखाएवढा?"

"अंगठ्याच्या. खाली पट्टी लावली होती, वीसपट म्हणून. पण बैठक उचलायची नाही असा नियम होता."

"म्हणजे मी ज्याला..." तिने वाक्य सोडून दिलं. "तुम्हाला त्या दिवशीच कळलं होतं. रंग बघायला आलात तेव्हा. मग तेव्हाच का नाही सांगितलंत?"

"धीर झाला नाही."

"आणि आई! तिने कधी विचारलं नाही. तिला वाटतं, बाकीच्या बायका झुरळाला घाबरतात तशी ही पतंगाला." ती रागावली होती, आणि राग कुणावर काढावा हे तिचं तिलाच समजत नव्हतं. "अजून काय काय चुकीचं आहे माझ्या डोक्यात?"

मग दोघींनी मिळून ते शोधायला सुरुवात केली.

"मुंगी मी केली होती. तीसपट."

"मुंगी अंगावर चढते. मला माहीत आहे ती केवढी. डास मी मारलेत. लोंबी... गहू निवडलेत. आणखी काय होतं?"

"कोळी. आठपट."

"कोळी कधी हाताला लागला नाही," मुलगी हळू बोलली. "जाळ्यात मात्र हात गेलाय. इतकं पातळ जाळं, आणि त्यात एवढा मोठा कोळी राहतो कसा, हे मला समजायचं नाही. पण मी विचारलं नाही. मला वाटायचं, माझंच काहीतरी चुकतंय."

प्रश्नपेटीने एक प्रश्न विचारला नव्हता, तो हा. मेणताईंना दुसरं काही नाही, पण हे लागलं. दाताला साधा खड्डा पडला तरी जिभेला तो विहिरीएवढा लागतो, हे पेशंटना त्या स्वतःच समजावून सांगायच्या. बोटांचंही तसंच असणार, हे त्यांना सुचलं नव्हतं.

त्यांनी डबी उघडून धातूचा पतंग मुलीच्या तळहातावर ठेवला. तिने तो दोन बोटांत धरला, पंखांवरून नख फिरवलं, पोट चाचपलं. "एवढाच?" दोनदा म्हणाली. मग हात वर-खाली करून पाहिला. "पण हा तर नाण्यासारखा लागतो."

"धातूचा आहे. माप खरं आहे, वजन खोटं."

"म्हणजे पुन्हा अर्धंच खरं."

"हो."

मेणताईंनी कागदाची पुडी काढली. यजमानांनी जिन्यातून आणलेल्यांपैकी सगळ्यात धड होता तो त्यांनी निवडून ठेवला होता. चिमट्याने उचलला. "हात सरळ धर. हा खरा. मेलेला आहे."

मुलीने तळहात पुढे केला. ती थांबून राहिली. मग म्हणाली, "ठेवा ना."

"ठेवलाय."

"कधी?"

"केव्हाच."

तिने मान खाली घालून तळहाताकडे तोंड केलं, जणू तिकडून काही ऐकू येईल. तिला काही म्हणायचं असावं. तिने मोठा श्वास सोडला आणि पतंग त्या श्वासाने उडून फरशीवर पडला. मुलगी बराच वेळ रिकामा हात तसाच सांभाळून बसली होती. मेणताईंनीही तो पडल्याचं लगेच सांगितलं नाही. नंतर सांगितलं.

यानंतर दोघींचं काही मेतकूट जमलं असं नाही. मुलगी त्यांच्या घरी कधी आली नाही, आणि मेणताईंनी बोलावलंही नाही. पण तिने एक काम केलं, जे मेणताईंना जमलं नसतं. ती टेलिफोनवरची होती. ऑफिस सुटल्यावर तिने मुख्याध्यापकांकडून जुन्या मुलांची यादी मागवली आणि पंधरा वर्षांतल्या एकेकाला फोन लावला. नमस्कार-चमत्कार झाले की सरळ विचारायची, "पतंग केवढा असतो रे?" काहींना कुठून कुठून माहीत झालं होतं. एकाला तर बायकोने लग्नाच्या दुसऱ्याच आठवड्यात सांगितलं होतं, आणि तो लाजेने गप्प बसला होता. पण निम्म्यांहून जास्त जण पोपटावरच अडकलेले निघाले. पियानो जुळवणाऱ्या एकाने तिलाच वेड्यात काढलं. "काहीतरीच सांगू नकोस! मी स्वतःच्या हाताने पाहिलाय."

शाळेत आता सगळ्या वस्तू जोडीने असतात. मोठा पतंग आणि त्याच्याच बैठकीवर, बारीक साखळीने बांधलेला, नखाएवढा. पट्टी समोर आली आहे, नख अडकतं तिथेच. कोळ्यासाठी मेणताईंनी सात खेपा घेतल्या, कारण पाय आठ आणि एकही शाबूत उतरेना.

साठाव्या वर्षी त्यांनी लॅब सोडली. तोवर तिथे दात कोरणारं यंत्र आलं होतं. शाळेने मागच्या खोलीत एक टेबल दिलं, तिथे त्या मंगळवारी आणि शुक्रवारी बसतात. मागच्या हिवाळ्यात एका शुक्रवारी मुख्याध्यापक कपाळाला हात लावून आले. "ताई, पोपट गेला."

कपाट उघडलं तर तळाशी पिसांचा नुसता भुसा. पोपट उघडा पडला होता, प्लास्टर दिसत होतं. शेपटीला हात लावताच ती गळून पडली आणि आतून फिकट रंगाचा, तांदळाच्या दाण्याहून थोडा मोठा एक पतंग फडफडत बाहेर निघाला. कसर. गरम कपड्यांना लागते तीच. पाचवीची मुलं दारात जमली होती.

"काय झालं, ताई?"

"पतंगाने पोपट खाल्ला," मेणताई म्हणाल्या.

मुलं खो-खो हसत सुटली. एक मुलगी हसता हसता टेबलाला धरून खाली बसली. आधीच्या मुलांना असं सांगितलं असतं तर त्यांनी मुकाट्याने खरं मानलं असतं. हसू ओसरल्यावर त्या मुलीने विचारलं, "पण एवढासा पतंग एवढा पोपट कसा खाईल?"

"तो नाही खात. त्याच्या अळ्या पिसं खातात. दोन-तीन वर्षं लागली असतील."

"मग हे धड्यात का नाही?"

धड्यात ते खरोखरच नव्हतं. मुख्याध्यापकांनी ते फरकांच्या यादीत शेवटी घालायला लावलं. मुलांनी ब्रेलच्या पाट्यांवर टकटक करत लिहून घेतलं: पोपट पतंग खातो असं पुस्तकात नाही, पण एका जातीच्या पतंगाच्या अळ्या पोपटाची पिसं खातात.

नवा पोपट मेणताईंनी पिसांशिवाय केला. हिरव्या रेशमी धाग्याने अंग गुंडाळलं, म्हणजे पुन्हा कसर लागायला नको. मुलांनी तो चाचपला आणि एकमताने नापास केला. हा पोपट साडी नेसलाय, असं एकाने सांगितलं. मेणताईंनी चष्मा पुसला, पोपट पिशवीत घातला आणि धागा उसवायला घरी घेऊन आल्या. यजमान सध्या ओळखीपाळखीत चौकशी करताहेत, कुणाकडे पाळलेला पोपट आहे का, आणि त्याची पिसं झडतात का.